जुन्या इंजिन किटचे हरवलेले पार्ट: वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात रेल्वे मॉडेलिंगवर थोडं लिहिलं होतं, त्यावर आलेली बहुतेक पत्रं एकाच गोष्टीची आहेत, की घरात जुनं किट सापडलंय पण पार्ट पूर्ण नाहीत, आता करायचं काय. त्यातली चार पत्रं इथे घेतोय. सगळ्यांसाठी एक गोष्ट आधीच सांगतो, पार्ट शोधायला किंवा बनवायला लागण्याआधी खऱ्या इंजिनात तो पार्ट काय काम करायचा ते समजून घ्या. ते कळलं की नेमका कुठला आकार जपायचा आणि कुठे थोडं इकडेतिकडे चालेल हे आपोआप कळतं, आणि अर्धं काम तिथेच होतं.

प्रश्न: नमस्कार. माझे मामा बोटीवर होते, त्यांनी सत्तरच्या दशकात इंग्लंडहून एअरफिक्स कंपनीचं ईव्हनिंग स्टार या वाफेच्या इंजिनचं प्लास्टिक किट आणलं, अर्धं जोडलं आणि नंतर राहूनच गेलं. आता घर साफ करताना माळ्यावर मिळालं. खोक्याला वाळवी लागलीय, सूचनांचा कागद नाही, चिमणी नाही, मोठ्या चाकांतलं एक नाही आणि उजव्या बाजूचे कपलिंग रॉड (मोठी चाकं एकमेकांना जोडणारे दांडे) एकही नाहीत. नवीन किट घेऊन त्यातले पार्ट काढू की घरी बनवता येतील? – एक वाचक, मडगाव

उत्तर: मामांचं किट टाकून दिलं नाहीत हेच खूप छान केलंत. आधी नवीन किटचं बोलू. हे साचे मूळचे रोझबड किटमास्टरचे, त्यांनी १९५९ मध्ये रेल्वेची प्लास्टिक किट काढायला सुरुवात केली, १९६२ च्या अखेरीस साचे एअरफिक्सकडे गेले आणि पुढे डापोलकडे, आणि डापोलने ईव्हनिंग स्टार त्याच साच्यांतून चालू ठेवलं. म्हणजे डापोलच्या डब्यातला पार्ट तुमच्या किटला बसेल. पण इंग्लंडहून मागवायचं तर पोस्टेज आणि वर कस्टम ड्युटी, आणि तीन पार्टसाठी एक अख्खं चांगलं किट फोडायचं हे मला तरी पटत नाही. तुमच्याकडे जे नाहीय ते सगळं घरी होण्यासारखं आहे. सूचनांच्या कागदाची काळजी सोडा, जुन्या एअरफिक्स किटच्या सूचनापत्रकांचे स्कॅन संग्राहकांनी नेटवर टाकलेले असतात, प्रिंट काढा आणि जे पार्ट हातात आहेत त्यांवर टिक करा. कधीकधी हरवला म्हणून समजतो तो पार्ट मामांनी आधीच आत कुठेतरी चिकटवलेला निघतो.

आता चिमणी. बहुतेक जण इथे बॉलपेनची नळी कापून बसवतात आणि ईव्हनिंग स्टारला ती लगेच खटकते, कारण या इंजिनाला डबल चिमणी होती. वरून बघितलं तर गोल नाही, लांबट, दोन टोकांना गोलाई आणि आत दोन भोकं. धूर आणि वाफ बाहेर ओढायला आत एकाऐवजी दोन ब्लास्ट पाइप होते म्हणून चिमणी लांबट झाली. तेव्हा बारीक प्लास्टिकच्या दोन नळ्या शेजारी शेजारी चिकटवा, दोन्ही बाजूंच्या फटी एम-सीलने भरा आणि घट्ट झाल्यावर बाजू सपाट घासा. खालचा पसरट घेर पण एम-सीलचाच करा, ओलं बोट फिरवून, फार जाड नको. मग बॉयलरवर चिमणीच्या जागी सँडपेपर घासायची बाजू वर करून गुंडाळा, चिमणी त्यावर पुढेमागे घासा, की बुडाला बॉयलरचीच गोलाई येते आणि फट राहत नाही. वरची कडा तांब्याची होती, ईव्हनिंग स्टारची ती ओळखच, त्यासाठी जुन्या वायरमधली तांब्याची एक तार काढून लांबट वळवा, हातोडीने हलकी चपटी करा आणि सुपरग्लूने बसवा. रंगापेक्षा खऱ्या तांब्याची चमक निराळीच दिसते.

चाकाचं जरा नीट ऐका, गडबड इथेच होते. हे इंजिन २-१०-०, म्हणजे पुढे लहान चाकं दोन, मग मोठी दहा आणि मागे लहान एकही नाही, तेव्हा मोठी चाकं दर बाजूला पाच, आणि खऱ्या इंजिनात त्यातल्या मधल्या चाकाला कडच नव्हती, म्हणजे रुळाच्या आतल्या अंगाला जी फ्लँज असते ती. पाच जोड्या एका सरळ रेषेत असलेलं लांब इंजिन वळणावर अडकू नये म्हणून मधलं चाक सपाट ठेवलेलं. तेव्हा आधी बघा हरवलंय ते कितवं. बाजूचं असेल तर बाजूच्याच चाकाची कॉपी करा, मधलं असेल तर कॉपीची फ्लँज घासून काढा. शिवाय चाकावरचं वजन, म्हणजे तो चंद्रकोरीसारखा भरीव भाग, सगळ्या चाकांवर सारखा नसतो, फोटोत बघून पुट्टीने भरा. खरं इंजिन आज यॉर्कच्या नॅशनल रेल्वे म्युझियममध्ये आहे, १९६० मध्ये स्विंडनला बांधलेलं, ब्रिटिश रेल्वेचं शेवटचं वाफेचं इंजिन, त्यामुळे त्याचे बाजूने काढलेले स्पष्ट फोटो पाहिजे तेवढे मिळतात. मापाची खात्री करायची तर खरं चाक ५ फूट व्यासाचं, तुमचं किट ओओ स्केलचं, त्यात खऱ्या १ फुटाला मॉडेलमध्ये ४ मिमी, म्हणजे मॉडेलचं चाक साधारण २० मिमी यायला हवं.

कॉपी करायला सिलिकॉन रबरचा साचा. चाक मातीत निम्मं दाबा, भोवती प्लास्टिकच्या पट्टीची भिंत, सिलिकॉन ओता, घट्ट झालं की उलटं करा, माती काढा, कडेला व्हॅसलिनचा अगदी पातळ हात आणि दुसरा अर्धा ओता. यात एक गोष्ट कोणी सांगत नाही, प्लॅटिनम क्युअरवालं (म्हणजे प्लॅटिनमच्या रसायनाने घट्ट होणारं) सिलिकॉन घेतलंत तर मुलांची साधी मॉडेलिंग क्ले वापरू नका, तिच्यात बऱ्याचदा गंधक असतं आणि गंधकाला लागलेलं ते सिलिकॉन चिकटच राहतं, सुकतच नाही. टिन क्युअरवाल्याला तो त्रास नाही. मग आत भरायचं रेझिन. इंटरनेटवर सगळे पॉलियुरेथेन रेझिन सांगतात आणि ते चांगलंच आहे, पण आपल्याकडे जून ते सप्टेंबर त्याचं नाव काढू नका. हवेतली ओल लागली की त्याला फेस येतो आणि चाकाच्या आऱ्यांत बुडबुडे राहतात. चवथीच्या सुट्टीत करणार असाल तर इपॉक्सी घ्या, सुकायला वेळ लागेल पण दमट हवेत सांभाळून घेतं. आणि होड्यांना फायबर मारणाऱ्यांकडे जे पॉलिएस्टर रेझिन असतं ते स्वस्त म्हणून आणू नका. त्यात स्टायरीन असतं, तुमच्या किटचं पॉलिस्टायरीन त्याने विरघळतं, शिवाय ते सुकताना आक्रसतं पण खूप.

रॉड सगळ्यात सोपे. डावीकडचे आहेत ना, मग ते कागदावर ठेवून पेन्सिलीने काढा, कागद उलटा केला की उजवीकडचे झाले. १ मिमी जाड प्लास्टिक शीटवर चिकटवा आणि आधी भोकं पाडा, मग आकार कापा. उलट केलंत तर बारीक पट्टीत भोक पाडताना ती तुटणारच. भोकांमधलं अंतर कागदावरून घेऊ नका, चॅसिसवर अ‍ॅक्सलमधलं अंतर व्हर्नियरने मोजा आणि तेच घ्या, नाहीतर चाकं फिरताना अडकतील. वरचे व्हॉल्व्ह गिअरचे (सिलिंडरला वाफ सोडणारे व्हॉल्व्ह हलवणाऱ्या दांड्यांचे) बारीक तुकडे मात्र डाव्याउजव्याला आरशातल्यासारखे उलटे असतात, ते साच्यातून कॉपी करून चालणार नाहीत. शेवटी चाकं लावताना उजवीकडचे क्रँक (चाकावर रॉड जिथे अडकतो ती जागा) डावीकडच्यापेक्षा पाव फेरा पुढे, पाचही अ‍ॅक्सलला अगदी एकसारखं. खऱ्या इंजिनात हे असं नसतं तर दोन्ही बाजूंचे पिस्टन एकदमच टोकाला येऊन इंजिन जागीच अडकून बसलं असतं.

बारीक पाइप लागले तर बाहेर काहीच शोधू नका, पार्ट ज्या फ्रेमला लटकलेले असतात तिचा तुकडा मेणबत्तीच्या वर (ज्योतीत नाही) धरा, मऊ झाला की सावकाश ओढा, हवी तेवढी बारीक तार निघते. रंग आणि प्लास्टिक दोन्ही त्याच किटचं असल्याने चिकटतं पण छान. उरलेले तुकडे लिक्विड सिमेंटच्या (प्लास्टिक किट चिकटवायच्या पातळ द्रवाच्या) छोट्या बाटलीत टाकून ठेवा, दुसऱ्या दिवशी फटी भरायला पुट्टी तयार.

प्रश्न: सर, मुंबईत सेकंडहँड बाजारात व्हाइट मेटलचं (शिसं असलेल्या नरम मिश्रधातूचं) एक जुनं किट मिळालं, इंग्लंडच्या ग्रेट वेस्टर्न रेल्वेचं पॅनिअर टँक, म्हणजे बॉयलरच्या दोन्ही बाजूंना पाण्याच्या टाक्या असलेलं इंजिन, ओओ. बॉडीचे जवळपास सगळे पार्ट आहेत, पण चॅसिस, चाकं, मोटर काहीच नाही, दुकानदाराने फसवलं असं वाटतंय. शिवाय दोन बफर (इंजिनाच्या टोकाला धक्का झेलणारे दट्टे) आणि सेफ्टी व्हॉल्व्हचं झाकण गायब आहे, आणि काही पार्टवर पांढरी पावडर आलीय. – वाचक, फोंडा

उत्तर: दुकानदाराला दोष देऊ नका, चॅसिस, चाकं, मोटर त्या डब्यात बहुधा कधी नव्हतीच. त्या काळची व्हाइट मेटलची बरीच किट नुसती बॉडीची असायची, खाली ट्रायअँग किंवा हॉर्नबी डब्लो या मॉडेल रेल्वेवाल्यांचं तयार चॅसिस घालायचं अशी पद्धत होती आणि चाकं मोटर वेगळी विकत घ्यायची. बॉडीच्या आत बघा, चॅसिसचा स्क्रू बसेल अशी जागा किंवा आधार दिसतो का, दिसला तर कुठल्या चॅसिससाठी केलंय त्याचा अंदाज येतो. ५७०० क्लासचं पॅनिअर असेल तर खरी चाकं ४ फूट ७½ इंच, म्हणजे मॉडेलमध्ये १८.५ मिमी. जुनं हॉर्नबीचं सहा चाकांचं चॅसिस मिळालं तर आधी अ‍ॅक्सलमधलं अंतर बॉडीशी जुळतंय का बघा आणि मगच पैसे द्या.

पांढऱ्या पावडरीचं आधी करा, बाकी सगळं नंतर. व्हाइट मेटलमध्ये शिसं असतं, आणि लाकूड, प्लायवूड, जाड पुठ्ठा यांतून निघणाऱ्या आम्लाच्या वाफेने शिशावर ती पावडर चढते. आपल्याकडची दमट हवा आणि बंद लाकडी कपाट, दोन्ही मिळून त्याला खतपाणीच. ती पावडर विषारी आहे, फुंकर मारू नका, कोरडी घासू नका, हातमोजे घालून साबणाच्या पाण्यात जुन्या टूथब्रशने धुवा, पाणी स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये नको, आणि घरात लहान मुलं असतील तर हे काम ती नसताना करा. धुऊन नीट सुकवलं की पार्ट प्लास्टिकच्या झाकणाच्या डब्यात ठेवा, प्लायच्या ड्रॉवरमध्ये परत नको. एखादा पार्ट आतपर्यंत पोखरला असेल तर तो वाचवायच्या मागे लागू नका, त्याचं माप आणि फोटो घ्या आणि नवा करा. याच्याबरोबर अजून एक, पुढेमागे जुनं चॅसिस मिळालं आणि ते झिंकचं कास्टिंग असून फुगलेलं किंवा बारीक भेगा पडलेलं दिसलं, तर घेऊ नका. मिश्रधातूत शिशाची भेसळ राहिली की झिंक आतून कुजत जातं, त्याला इलाज नाही.

बफर लेथवर पितळेचे करून घ्या. लेथवाल्याला चित्र द्या आणि उरलेल्या बफरपैकी एक नमुना म्हणून दाखवा, पण त्याच्याकडे सोडून येऊ नका, एवढीशी वस्तू त्या किसात हरवली की संपलं. दोन हवे असले तरी चार करून घ्या.

सेफ्टी व्हॉल्व्हचं झाकण मात्र सोनाराकडे न्या. आपल्या गोव्यात हे कौशल्य गल्लीगल्लीत आहे आणि मॉडेल करणारे लोक तिकडे जातच नाहीत याचं मला नेहमी वाईट वाटतं. दागिन्याचं कास्टिंग मेणाच्या नमुन्यावरून होतं, मेण वितळून जातं आणि त्या पोकळीत धातू भरतो, नेमकं हेच तुम्हाला हवंय. मेणात किंवा रेझिनमध्ये झाकणाचा नमुना बनवा, किंचित मोठा, कारण धातू थंड होताना थोडा आक्रसतो. फक्त हे आवर्जून सांगा की व्हाइट मेटलचा किंवा प्लास्टिकचा नमुना गरम रबरच्या साच्यात दाबायचा नाही. दागिन्यांचा तो साचा दाबाखाली चांगलाच तापवून पक्का करतात, प्लास्टिक तर त्यात वितळेलच आणि नरम मिश्रधातूचंही खरं नाही. थंड सिलिकॉन वापरा म्हणावं. डिचोलीकडे समया घडवणाऱ्या कासारांना पण पितळेचं ओतकाम कळतं, पण एवढं बारीक काम सोनाराचंच.

जोडायला लो मेल्ट सोल्डर, ७० डिग्रीला वितळणारं, ते मिळालं तर उत्तमच. साधं इलेक्ट्रॉनिक्सचं सोल्डर १८० च्या वर वितळतं, आणि टीव्ही रिपेअरवाल्याचं सोल्डरिंग आयर्न त्याहून खूप गरम असतं, क्षणात अख्ख्या केबचा (ड्रायव्हरच्या खोलीचा) गोळा होतो. तापमान कमी करता येणारं आयर्न नसेल तर अराल्डाइट वापरा, हळू सुकणारं, सांध्याला हलवायला वेळ मिळतो. हँडरेलची (इंजिनावरच्या हाताने धरायच्या दांडीची) तार साधारण ०.४५ मिमी लागते. मडगाव, पणजी, म्हापशात गिटारच्या तारा सहज मिळतात, ०.०१८ इंचाची साधी तार जवळजवळ त्याच मापाची, आणि सरळ राहते पण मस्त. पण ती स्टील आहे, आपल्या खाऱ्या हवेत गंजणार, तेव्हा बसवल्या दिवशीच प्रायमर मारा. सोनाराकडे जाणारच आहात तर पितळेची तार त्याच्या भोकांच्या पट्टीतून हव्या त्या जाडीची ओढून मिळते, मी तर तीच घेतो.

प्रश्न: काका, मी इंजिनिअरिंगला आहे. माझे आजोबा मीटर गेजवर फायरमन होते, त्यांनी पत्र्यातून वायजी इंजिन करायला घेतलेलं, आता ते नाहीत. चाकं, बॉयलर, टेंडर (मागचा कोळसा-पाण्याचा डबा) झालंय, हेडलाइट, डोम (बॉयलरवरचा घुमट) आणि पुढची जाळी नाही. स्केल कुठेच लिहिलेलं नाही. कॉलेजमध्ये थ्रीडी प्रिंटर आहे, त्यावर करू का? – विद्यार्थिनी, वास्को

उत्तर: कर, नक्की कर. पण आधी स्केल काढ, अंदाजाने प्रिंट काढायला बसू नकोस. वायजी म्हणजे २-८-२, मालगाडीचं इंजिन, त्याचं मोठं चाक ४ फूट म्हणजे १२१९ मिमी. तुझ्या मॉडेलचं चाक मोज, पण फ्लँजवर नाही, रुळावर टेकतो त्या भागावर, कारण मॉडेलमध्ये फ्लँज नेहमी जास्त मोठी करतात. १२१९ ला त्या आकड्याने भाग. १४ मिमी आलं तर १:८७, म्हणजे एचओ. मग दुसरी खात्री रुळांच्या अंतरावरून, १००० मिमी भागिले ८७ म्हणजे साडेअकरा, बाजारात एचओच्या मीटर गेजसाठी १२ मिमीचे रूळ असतात. आजोबांनी त्यातलं काय धरलं होतं ते चाकांमधल्या अंतरावरून कळेल. दोन आकडे जुळले नाहीत तर चाकाचा खरा धर, अंतर लोक हाताशी असलेल्या रुळाप्रमाणे बदलतात.

फोटोंसाठी हुबळीचं रेल्वे म्युझियम तुला जवळ आहे, फक्त तिथे वायजी आहे का ते आधी विचार. मीटर गेजची इंजिनं देशात ठिकठिकाणी स्टेशनांबाहेर उभी केलेली दिसतात. गेलीस तर नुसता लांबून फोटो नको, शेजारी मोजपट्टी धरून प्रत्येक पार्टचा सरळ समोरून आणि सरळ बाजूने एकेक काढ. छान कोनातून काढलेल्या फोटोवरून माप घेता येत नाही. पुण्याला जाणं झालं तर कोथरूडचं जोशींचं मिनिएचर रेल्वेचं संग्रहालय जरूर बघ, एवढ्या लहान स्केलमध्ये किती बारीक काम होतं ते प्रत्यक्ष बघितल्याशिवाय कळत नाही.

प्रिंटर रेझिनचा असेल तर हेडलाइट आणि डोमसाठी उत्तम. प्लास्टिकची तार वितळवणारा असेल तर थरांच्या रेषा एवढ्या लहान वस्तूवर दिसतात, मग घासण्यातच पार्ट संपतो. हेडलाइट आतून पोकळ कर आणि मागून ३ मिमी एलईडीला जागा ठेव, आताच ठेव, नंतर भोक पाडायला गेलीस तर रेझिन तडकतं. भिंत अर्ध्या मिलिमीटरपेक्षा पातळ नको. पार्ट तिरका ठेवून प्रिंट कर, आयपीएमध्ये (आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये) धू, उन्हात किंवा यूव्ही दिव्याखाली पक्का कर आणि ओल्या रेझिनला उघड्या हाताने अजिबात शिवू नकोस.

पुढची जाळी मात्र प्रिंट करू नकोस असं मी म्हणेन. एवढ्या बारीक रेझिनच्या पट्ट्या पहिल्या धक्क्याला मोडतात, आणि आजोबांनी सगळं पत्र्यात केलंय तर पुढचा तोंडावरचा भाग पण धातूचाच शोभेल. लाकडाच्या फळीवर चित्र चिकटव, दोन्ही टोकांना टाचण्या मारून त्यांच्यामध्ये पितळेच्या तारा बसव आणि तिथेच सोल्डर कर, फळी सगळं सरळ धरून ठेवते. आणि तुझे नवीन पार्ट कुठले ते टेंडरच्या बुडाला तारखेसकट लिहून ठेव. आजोबांचं काम कुठलं आणि नातीचं कुठलं हे पुढे कोणाला तरी बघायचं असेलच.

प्रश्न: किटमधले नंबर आणि नावाचे ट्रान्सफर (पाण्यात भिजवून चिकटवायचे स्टिकर) पिवळे पडलेत, चालतील का? – वाचक, म्हापसा

उत्तर: बहुतेक चालतील. पाण्यात टाकायच्या आधी पिवळेपणा घालवायचा तर ते पातळ प्लास्टिकच्या पिशवीत घालून उन्हाच्या खिडकीच्या काचेला आतून चिकटवा, काही दिवसांत पारदर्शक भाग बराच फिका होतो. हे पावसाळ्यात करू नका, ऑक्टोबरचं कडक ऊन येऊ दे. मग एक कोपरा कापून कोमट पाण्यात टाकून बघा, तुकडे तुकडे झाले तर राहिलेल्या शीटवर क्लिअर लॅकरचा एक पातळ स्प्रे मारा, पूर्ण सुकू दे, आणि मग प्रत्येक नंबर अगदी जवळून कापून घ्या, कारण लॅकरने सगळी शीट आता एकच फिल्म झालेली असते. लावायची जागा ग्लॉस असू दे. मॅट रंगावर लावलं तर खाली हवा राहते आणि नंबरभोवती चंदेरी कडा दिसते.